दहा हजार माणसांचे दरडोई उत्पन्न
आकडे आणि अर्थ : लेखांक ११

गेल्या आठवड्यात आपण देशाचे सकल देशांतर्गत उत्पादन, म्हणजे जीडीपी, कसे मोजतात ते पाहिले. आज देशाच्या वाट्याला येणाऱ्या उत्पन्नाला लोकसंख्येने भागायचे आहे. वरवर पाहता हा शेवटचा आणि सर्वांत सोपा टप्पा. पण देश जितका लहान, तितका हा भागाकार नाजूक होत जातो आणि त्याच्या उत्तरावर त्या देशाला मिळणाऱ्या मदतीच्या अटी ठरतात. म्हणून आज तुवालूकडे वळू.

तुवालू हा प्रशांत महासागरात फिजीच्या उत्तरेला असलेला नऊ बेटांचा देश. सगळी जमीन मिळून सुमारे २६ चौरस किलोमीटर. लोकसंख्या दहा-अकरा हजार. त्यातली निम्म्याहून अधिक माणसे फुनाफुटी या राजधानीच्या बेटावर राहतात. १९७८ मध्ये ब्रिटनकडून स्वातंत्र्य मिळाले. व्यवहार ऑस्ट्रेलियन डॉलरमध्ये चालतात. जमीन एवढीशी असली, तरी आंतरराष्ट्रीय कायद्याने या देशाच्या हक्काचा समुद्र साडेसात लाख चौरस किलोमीटरपेक्षा मोठा आहे. म्हणजे महाराष्ट्राच्या क्षेत्रफळाच्या दुपटीहून जास्त.

मासा कुणाचा, पैसा कुणाचा?

या समुद्रात ट्यूना, म्हणजे आपल्याकडचा कुपा, भरपूर मिळतो. तो पकडायला जपान, कोरिया, तैवान, अमेरिका अशा देशांच्या पर्ससीन बोटी येतात. हिशेबाच्या आंतरराष्ट्रीय नियमानुसार या बोटींनी पकडलेली मासळी तुवालूच्या जीडीपीत धरली जात नाही. बोट चालवणारी कंपनी ज्या देशाची रहिवासी, त्या देशाचे ते उत्पादन.

तुवालूला मिळते ते परवाना शुल्क. ते धरायचे तर जीडीपी सोडून दुसरी मोजपट्टी घ्यावी लागते. ती म्हणजे सकल राष्ट्रीय उत्पन्न, जीएनआय. जीडीपीमध्ये परदेशातून आलेले वेतन, व्याज, लाभांश, भाडे मिळवायचे आणि परदेशी गेलेले वजा करायचे, की जीएनआय मिळतो. भारतासारख्या देशात या दोन आकड्यांतले अंतर किरकोळ असते. तुवालू आणि शेजारच्या किरिबाटीत मात्र जीएनआय जीडीपीपेक्षा बराच मोठा असतो, कारण मासेमारीचे शुल्क आणि परदेशी गुंतवणुकीवरचे उत्पन्न त्यात येते. तुवालूचा असा एक गुंतवणूक निधी १९८७ पासून आहे.

शुल्काची पद्धत जवळून पाहण्यासारखी आहे. नाउरू कराराने एकत्र आलेले आठ देश मासेमारीचे 'दिवस' विकतात. एका बोटीने एक दिवस मासेमारी करायची, तर किमान दर ८,००० अमेरिकी डॉलर. समजा, एखाद्या कंपनीने तुवालूकडून शंभर दिवस जादा घेतले. किमान दराने ८ लाख डॉलर झाले. दहा हजार माणसांत वाटले, तर दरडोई उत्पन्न ८० डॉलरने वाढले. एका कंपनीच्या एका खरेदीने संपूर्ण राष्ट्राची सरासरी हलते!

ही खरेदी पुन्हा समुद्राच्या तापमानावर अवलंबून. एल निनोच्या वर्षी प्रशांत महासागरातले उबदार पाणी पूर्वेकडे सरकते. ट्यूना त्यामागे जातो आणि ट्यूनामागे बोटी. त्या वर्षी तुवालू-किरिबाटीची कमाई वाढते. ला निनात मासा पश्चिमेकडे परततो. फुनाफुटीतल्या शिक्षकाचा पगार दोन्ही वर्षी तोच असतो, कारण शुल्क सरकारी तिजोरीत जमा होते, माणसांच्या खिशात नाही.

बोटीवरचा पगार

मासेमारीच्या शुल्काखेरीज तुवालूची जुनी कमाई म्हणजे परदेशी मालवाहू जहाजांवर काम करणारे खलाशी. कोकणात, गोव्यात 'मुलगा बोटीवर आहे' हे वाक्य जितके ओळखीचे, तितकेच ते तिथेही आहे. नियम असा, की खलाशी महिनोन् महिने समुद्रावर असला, तरी त्याचे घर जिथे, तिथलाच तो रहिवासी. त्यामुळे त्याचा संपूर्ण पगार तुवालूच्या जीएनआयमध्ये येतो. तोच माणूस न्यूझीलंडमध्ये कायमचा स्थायिक झाला आणि तिथून आईला पैसे पाठवू लागला, तर ती रक्कम जीएनआयमध्ये येत नाही. ते उत्पन्न न्यूझीलंडचे, आणि पाठवलेले पैसे म्हणजे नुसते हस्तांतरण. आईच्या हाती पडणारी रक्कम कदाचित तेवढीच असेल, पण राष्ट्रीय हिशेबात तिची जागा बदलते. २००८ च्या जागतिक मंदीनंतर जहाजांवरच्या या नोकऱ्या झपाट्याने घटल्या, आणि अनेक घरांची मिळकत आटली.

ज्याची पावती नसते ते उत्पन्न

बाहेरच्या बेटांवर लोक मासे पकडतात, नारळ काढतात आणि पुलाका पिकवतात. पुलाका हा अळूच्या कुळातला कंद. प्रवाळबेटावर माती जेमतेम, म्हणून जमिनीखालच्या गोड्या पाण्यापर्यंत खड्डा खणायचा आणि त्यात पालापाचोळ्याचे खत घालून कंद वाढवायचा. घरी खाल्लेले हे अन्नही नियमाप्रमाणे उत्पादनात धरावे लागते. त्यासाठी घरोघरी जाऊन उत्पन्न-खर्चाची पाहणी होते. पण अशी पाहणी काही वर्षांतून एकदाच होते, मधल्या वर्षांत अंदाजावर भागवावे लागते. शिवाय जिथे बाजारच नाही, तिथे कंदाला भाव कोणता लावायचा? समुद्राचे खारे पाणी खड्ड्यांत शिरून पीक मेले आणि घरात आयात तांदूळ आला, तर दुकानाची उलाढाल वाढलेली दिसते. घराने काय गमावले, ते या मोजणीत सहजी दिसत नाही.

खालची संख्या

आता भाजकाकडे पाहू. ऑस्ट्रेलियाशी झालेला फलेपिली करार २०२४ मध्ये अमलात आला. त्यानुसार दरवर्षी तुवालूच्या २८० नागरिकांना ऑस्ट्रेलियात कायम वास्तव्याचा मार्ग खुला झाला. दहा हजारांतले २८० जण गेले आणि एकूण उत्पन्न तेवढेच राहिले, तर दरडोई आकडा जवळपास २.९ टक्क्यांनी वाढतो. परवाना शुल्कासारखे उत्पन्न माणसे गेली म्हणून घटत नाही, त्यामुळे हे केवळ कागदावरचे गणित नाही. देश रिकामा होत जाईल आणि सरासरी त्याला प्रगती म्हणेल.

यात विनिमयदराची भर पडते. आंतरराष्ट्रीय तुलना अमेरिकी डॉलरमध्ये होते. २०११ मध्ये ऑस्ट्रेलियन डॉलर अमेरिकी डॉलरच्याही वर होता, २०१५ च्या अखेरीस तो सुमारे ७२ सेंटवर आला. असे धक्के बोथट करायला जागतिक बँक तीन वर्षांच्या दरांची सरासरी घेते. धक्का कमी होतो, पुरता जात नाही.

आकड्यावर काय टांगलेले आहे?

संयुक्त राष्ट्रांच्या सर्वांत कमी विकसित देशांच्या यादीत तुवालू १९८६ पासून आहे. यादीतून बाहेर पडण्यासाठी तीन कसोट्या आहेत : दरडोई जीएनआय, आरोग्य-शिक्षणाची पातळी आणि आर्थिक-पर्यावरणीय असुरक्षितता. तीनपैकी दोन पुऱ्या केल्या, की देश पात्र ठरतो. तुवालूने पहिल्या दोन केव्हाच ओलांडल्या. तिसऱ्या कसोटीवर मात्र तो जगातल्या सर्वांत असुरक्षित देशांत मोडतो. २०१२ मध्ये त्याला यादीबाहेर काढण्याची शिफारस झाली, आणि त्यानंतर निर्णय वारंवार लांबणीवर पडला. तो लांबला हेच योग्य झाले, असे मला ठामपणे वाटते. ज्या देशाची बहुतेक जमीन समुद्रसपाटीपासून दोन-तीन मीटरच वर आहे, त्याला सरासरी चांगली म्हणून सवलती नाकारणे हा अन्याय ठरेल.

हे जागतिक संस्थांनाही उमगले आहे. जागतिक बँकेने १९८५ मध्येच लहान बेटांच्या अर्थव्यवस्थांना उत्पन्नाची मर्यादा ओलांडल्यावरही सवलतीचे कर्ज देण्याचा अपवाद केला. ऑगस्ट २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने बहुआयामी असुरक्षितता निर्देशांक पुढे नेण्याचा ठराव केला. त्याचा वापर ऐच्छिक आहे. तो मदतीच्या निकषांत शिरला पाहिजे.

उलट बाजूचा धडा शेजारच्या नाउरूने दिला. १९७० च्या दशकात फॉस्फेटच्या निर्यातीमुळे नाउरूचे दरडोई उत्पन्न जगातल्या सर्वांत वरच्या देशांत होते. भागाकार अचूक होता. पण बेटाची भूमीच खणून विकली जात होती, आणि जीएनआयच्या हिशेबात संपत चाललेल्या खनिजाची वजावट होत नाही. साठे संपत आले, गुंतवलेला पैसाही गैरव्यवस्थापनात गेला आणि देश दिवाळखोरीच्या कडेला पोहोचला.

म्हणून लहान देशाचे दरडोई उत्पन्न वाचताना तीन गोष्टी विचारायलाच हव्यात. पैसा कुठून आला? तो कुणाच्या हाती गेला? आणि पुढच्या वर्षी तो येईल का? दरडोई आकडा यांतल्या एकाचेही उत्तर देत नाही. तरीही धोरण ठरवणारे बहुधा त्यालाच आधी विचारतात, आणि या सवयीची किंमत लहान देश मोजतात.

एक प्रश्न अजून उरतो. तुवालूत जवळपास सगळे जहाजाने येते, मग तिथल्या एका डॉलरला मिळते तरी किती? क्रयशक्तीच्या या मोजणीकडे पुढच्या लेखांकात वळू.