शिंदळ माकुडीचं बी

शिवनेरी, पुरंदर, सज्जनगड. इतिहासाच्या पुस्तकातली ही नावं वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकातही येतात, ती शिंदळ माकुडीमुळे. फक्त महाराष्ट्राच्या सह्याद्रीत, तेही उभ्या कातळकड्यांवर, ही मांसल खोडाची वनस्पती लोंबत असते. डाल्झेल या वनाधिकाऱ्याला ती जुन्नरजवळ मिळाली. १८६५ मध्ये त्याने तिचं वर्णन छापलं आणि मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्यावरून तिचं नाव ठेवलं फ्रेरिया इंडिका. पुढे शास्त्रज्ञांनी तिची प्रजाती बदलली. झाडं लावणारे अजून फ्रेरियाच म्हणतात.

माकडशिंग हे तिचं जवळचं भावंड. त्या गोतावळ्यात बहुतेकांची पानं नावापुरतीच उरली आहेत, हिला मात्र पावसाळ्यात चांगली हिरवीगार पानं फुटतात. ओटो लांगे आणि मार्गारेटे त्सुबर या जर्मन संशोधकांनी १९७७ मध्ये दाखवलं की पानं चारचौघींसारखी दिवसा कार्बन डायऑक्साइड घेतात, तर खोड निवडुंगासारखं रात्री. उन्हाळ्यात पानं गळाली की खोडाच्या रात्रपाळीवर तगून राहायचं. एकाच झाडात दोन पद्धती!

घरी ती वाढवायची तर फांदी खोचणं सगळ्यात सोपं. ती पटकन मुळं धरते. पण अशी शंभर रोपं केली तरी ती एकाच झाडाची झेरॉक्स. एका रोगाने एक गेलं तर बाकीचीही जाण्याचा धोका. वेगळेपण येतं ते बियांतून, म्हणून दुर्मीळ झाडाच्या बाबतीत मला बियांचा खटाटोपच मोलाचा वाटतो.

खटाटोप फुलापासून सुरू होतो. गडद तांबडं, पिवळ्या ठिपक्यांचं हे फूल माश्यांसाठी आहे. परागकण सुटे नसतात. त्यांच्या दोन पिशव्या एका चिमट्याने जोडलेल्या असतात. माशीच्या अंगाला तो चिमटा अडकला आणि पुढच्या फुलाच्या नेमक्या फटीत पिशवी घुसली, तरच फळ. त्यामुळे फुलं पुष्कळ आली तरी शेंगा थोड्याच धरतात. शिंगांसारखी शेंगांची जोडी पिकली की तिच्यावर मलमलीचा तुकडा सैल बांधावा. रुई हिच्याच कुळातली. शेंग तडकली की रुईच्या म्हाताऱ्यांसारखंच रेशमी शेंडीचं हे बी वाऱ्यावर निघून जातं.

बी ताजं असतानाच पेरावं. पसरट कुंडीत बारीक खडी, वाळू आणि थोडं पानांचं खत घालावं, बी वर आडवं ठेवून चिमूटभर वाळू भुरभुरावी. पाणी वरून ओतू नये. कुंडी परातीत ठेवली की ते खालून चढतं. उबदार सावलीत आठवड्याभरात दोन जाडसर दलं वर येतात. यानंतरचे काही आठवडे जपायचे. बुरशी लागली की मान मोडून रोपं आडवी होतात, म्हणून हवा खेळती हवी आणि माती दोन पाण्यांच्या मध्ये सुकू द्यावी. कोकणात किंवा मुंबईत पावसाळाभर कुंडी पत्र्याखालीच बरी.

बी मात्र रोपवाटिकेतून किंवा झाडं वाढवणाऱ्याकडूनच घ्या. रानातून गोळा केलेली फ्रेरिया निर्यात करायला बंदी आहे. गडावर ती दिसली तर फोटो काढा, पण नेमकी जागा कुणाला कळवू नका.