आधी मार खा, मग घर बांध!

‘केन्शी’त तुम्ही हीरो नसता. अंगावर चिंध्या, खिशात जेमतेम पैसे आणि समोर वाळवंट! २०१८ मध्ये आलेल्या या गेममध्ये ठरलेली स्टोरीच नाही.

सुरुवातीला हब गावाजवळ तांबं खणा, विका, पोट भरा. भुकेले दरोडेखोर गाठतीलच. मार खाऊन ‘टफनेस’ वाढतो, पण फर्स्ट एड किट नसेल तर रक्तस्रावानं खेळ खल्लास.

बेसची घाई नको. भिंती उभ्या राहिल्या की टोळ्या दारात हजर! आधी गावातलं पडकं घर घेऊन डागडुजी करा, साथीदार जमवा, रिसर्च बेंच लावा. मगच पाणी, सुपीक जमीन, लोखंड बघून जागा निवडा.

ख्रिस हंटनं सुरुवातीची कित्येक वर्षं नोकरी सांभाळत एकट्यानंच हा गेम घडवला. तोही शून्यातूनच!