‘काहीतरी वाजतंय’ एवढंच सांगू नका

ओट्याकडे पाठ असली तरी फोडणीतली मोहरी तडतडली की नाही, हे आपल्याला कळतं. शिट्टीच्या आवाजावरून कुकरमध्ये पाणी कमी पडलंय हेही कळतं. पण तीच बाई गॅरेजमध्ये गेली की म्हणते, “खालून काहीतरी वाजतंय हो!” मग मिस्त्री म्हणतो, “शॉकअब गेलेत, बाई,” आणि बिल हातात पडतं. आमच्या शेजारच्या वहिनींनी असेच पुढचे दोन्ही शॉकअब बदलून घेतले, पण खडखड जशीच्या तशी. शेवटी निघालं काय, तर हातभर लांबीचा एक लिंक रॉड! शॉकअबच्या मानाने तो कितीतरी स्वस्त असतो.

म्हणून मैत्रिणींनो, गॅरेजमध्ये जाण्याआधी दोन दिवस गाडीकडे नीट कान द्या. मराठीत आवाजाला शब्दांचा तोटा नाही. खडखड, टकटक, कुईकुई, धप्प यांतला नेमका शब्द, आणि तो आवाज कधी येतो, एवढं किराणाच्या यादीमागे टिपून ठेवा.

त्याआधी एक सोपं काम. डिकी पूर्ण रिकामी करा. जॅक, पाना, सैल बसलेली स्टेपनी, मुलांची बॅट, सगळं बाहेर काढून एक चक्कर मारून या. निम्म्या वेळा रोग तिथेच सापडतो! तरी आवाज येत असेल, तर तो खालचा.

खाली असतं तरी काय? स्प्रिंग गाडीचं वजन पेलते. शॉकअब तिची उसळी आवरतो, नाहीतर गाडी झोपाळ्यासारखी झुलत राहील. चाकाला जागेवर धरायला दांडे असतात आणि त्यांच्या सांध्यांत रबराचे बुश. हे रबर म्हणजे कुकरच्या रिंगचाच भाऊ समजा, जुनं झालं की कडक होतं आणि चिरतं. पूर्वीच्या फियाट-अँबॅसेडरला सांध्यांत वरचेवर ग्रीस भरावं लागे. आताच्या गाड्यांचे बॉल जॉइंट बहुधा बंद असतात, ग्रीस आतच. त्यांच्यावरची रबरी टोपी फाटली की धूळ-पाणी आत शिरतं आणि सांधा झिजू लागतो.

आता सर्वांत नेहमीची तक्रार, बारीक खड्ड्यांवरची खडखड. तिची एक छान परीक्षा आहे. दोन्ही चाकं एकदम चढतील अशा स्पीडब्रेकरवरून गाडी सावकाश न्या. मग एकच चाक खड्ड्यात जाईल अशी न्या. स्पीडब्रेकरवर गाडी गप्प आणि एका चाकाच्या खड्ड्यात खडखड, असं झालं तर संशय लिंक रॉडवर किंवा त्याच्या आडव्या दांड्याच्या बुशांवर घ्या. तो दांडा दोन चाकं वेगवेगळी वरखाली झाली तरच कामाला लागतो. दोन्ही एकदम उचलली गेली तर तो नुसता फिरतो, म्हणून गप्प. ब्रेकवर हलका पाय ठेवताच खडखड थांबली, तर मात्र ब्रेकचे पॅड तपासायला सांगा. तिथे शॉकअबचा काय दोष?

कुईकुई असेल तर ती जुन्या रबराची. पावसात रबर भिजलं की ती गप्प होते आणि ऊन पडलं की पुन्हा सुरू, ही तिची खूण. तिथे घरातलं तेल मुळीच सोडू नका, तेलाने रबर फुगतं आणि खराब होतं.

मोठ्या खड्ड्यात धप्प होत असेल तर शॉकअब बघा. बॉनेटचा एक कोपरा दोन-तीनदा दाबून सोडा. गाडी एक-दीड हेलकाव्यात थांबायला हवी. झुलत राहिली, किंवा शॉकअबच्या अंगावरून तेल ओघळलेलं दिसलं, तर तो गेला. तो मात्र जोडीनेच बदलावा, पुढचे दोन किंवा मागचे दोन.

उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना ‘टण्ण’ वाजलं तर शॉकअबच्या डोक्यावरचं माउंटिंग बघायला सांगा. पूर्ण वळण घेत चालताना कटकट-कटकट येते, ती अ‍ॅक्सलच्या जॉइंटची.

एका आवाजाला मात्र उद्यावर ढकलू नका. टकटक वाढत चालली आहे, स्टिअरिंग सैल वाटतंय, गाडी एका बाजूला ओढते आहे, तर तो बॉल जॉइंट किंवा टायरॉडचं टोक असू शकतं. बॉल जॉइंट सुटला तर चाक आडवं होतं आणि गाडी ताब्यात राहत नाही. मुलांना शाळेत सोडायला त्या दिवशी रिक्षा करा.

गॅरेजमध्ये मिस्त्रीला शेजारी बसवून स्वतः गाडी चालवा आणि आवाज ऐकवा. मग गाडी उचलून चाक हलवायला सांगा, आणि तिथेच उभ्या राहा. वर-खाली धरून हललं तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग, डावी-उजवीकडे धरून हललं तर बहुधा टायरॉड. स्वतः जॅकवरच्या गाडीखाली शिरू नका, आणि शॉकअबवरची स्प्रिंग घरी सोडवण्याचा उद्योग ‘ह्यांना’ही करू देऊ नका. ती दाबलेली असते, सुटली तर हात-तोंड फोडते.

बुश बदलले तर त्यांचे बोल्ट शेवटचे आवळताना गाडीचं वजन चाकांवर असायला हवं. चाकं लोंबकळत असताना आवळले तर रबराला कायमचा पीळ बसतो आणि नवे बुश लवकर फाटतात. घाईत मिस्त्री हे विसरतात, तेव्हा आवर्जून विचारा. टायरॉड, लोअर आर्म किंवा पुढचा शॉकअब बदलला असेल तर अलाइनमेंट करून घ्या, नाहीतर टायर एका कडेने झिजेल. आणि काढलेला जुना भाग मागून घ्या. लिंक रॉडचं टोक बोटांनी सहज डुगडुगलं, तर आवाज तिथलाच होता.