ला पाझमध्ये विमानातून उतरताच दम का लागतो? ठाणे-डोंबिवलीहून एकट्याने जाणाऱ्यांचे पहिले तीन दिवस

विटांच्या रंगाचं शहर, डोंगरउतारांवर दाटीवाटीने चढत गेलेली घरं आणि त्यांच्या छपरांवरून सरकणारे केबल कारचे लाल-पिवळे डबे. बोलिव्हियातल्या ला पाझ शहराचे असे रील्स अधूनमधून फीडमध्ये येतात. एक गोष्ट मात्र रीलमध्ये दिसत नाही. या शहरात पोचलेल्या अनेकांचे पहिले एक-दोन दिवस डोकं धरून हॉटेलच्या पलंगावर जातात.

ठाणे-कल्याण पट्ट्यातून एकट्याने जग बघायला निघणं आता नवलाचं राहिलेलं नाही. मूळचे परभणी जिल्ह्यातले पत्रकार विष्णुदास चापके यांनी मार्च २०१६ मध्ये ठाण्याहून पृथ्वीप्रदक्षिणा सुरू केली आणि मार्च २०१९ मध्ये ती पूर्ण केली. तीन वर्षं आणि ३५ देशांच्या त्या प्रवासात दक्षिण अमेरिकाही होती. तेवढा वेळ सगळ्यांकडे नसतो. बहुतेकांना ऑफिसातून दोन-तीन आठवड्यांची रजा मिळते आणि त्यातला प्रत्येक दिवस 'वसूल' करायचा असतो. ला पाझमध्ये नेमकी हीच घाई अंगाशी येते. असं का होतं आणि पहिले तीन दिवस कसे घालवावेत, ते समजून घेऊ.

अडीच कळसूबाईंवर विमानतळ

ठाणे, कल्याण आणि डोंबिवली ही तिन्ही शहरं समुद्रसपाटीपासून जेमतेम काही मीटर उंचीवर, खाडीकाठी वसली आहेत. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर असलेलं कळसूबाई १,६४६ मीटरवर आहे. ला पाझचा विमानतळ शेजारच्या एल आल्टो शहरात आहे आणि त्याची उंची आहे सुमारे ४,०६० मीटर. म्हणजे एकावर एक अडीच कळसूबाई रचले, तर त्यांच्या माथ्यावर ही धावपट्टी येईल. तिथून दरीत उतरलं की ला पाझचा मध्यभाग लागतो. तोही सुमारे ३,६४० मीटरवर आहे.

इतक्या उंचीवर हवेत ऑक्सिजनचं प्रमाण बदलत नाही. ते तिथेही २१ टक्क्यांच्या आसपासच असतं. कमी होतो तो हवेचा दाब. त्यामुळे प्रत्येक श्वासातून शरीराला मिळणारा ऑक्सिजन शहराच्या मध्यभागात सुमारे एक तृतीयांशाने घटतो आणि विमानतळावर जवळपास ४० टक्क्यांनी. शरीर याला उत्तर म्हणून श्वास आणि हृदयाचे ठोके वाढवतं. बॅग उचलून दोन जिने चढलं तरी दम लागतो तो यामुळे.

पुढचे काही तास साधारण बरे जातात आणि तिथेच फसगत होते. उंचीचा त्रास बहुधा पोचल्यावर सहा ते बारा तासांनी सुरू होतो. डोकेदुखी, मळमळ, अन्नावरची वासना उडणं, थकवा आणि तुटक झोप ही त्याची लक्षणं. पहिली रात्र सर्वांत वाईट जाते. विश्रांती घेतली आणि आणखी वर गेलं नाही, तर एक ते तीन दिवसांत बहुतेकांना बरं वाटतं. या त्रासाला तिथे 'सोरोचे' म्हणतात. हॉटेलच्या काउंटरवर एवढा एक शब्द उच्चारला तरी पुढचं सांगावं लागत नाही.

ट्रेकर असल्याचा उपयोग होतो का?

फारसा नाही. रात्रीची कसारा लोकल पकडून पहाटे कळसूबाई सर करणाऱ्यांना वाटतं की आपला दम चांगला आहे, आपल्याला काही होणार नाही. पण उंचीचा त्रास तंदुरुस्तीवर अवलंबून नसतो. किती उंचीवर, किती वेगाने पोचलो आणि रात्री कुठे झोपलो यावर तो ठरतो. उलट धडधाकट माणूस पहिल्याच दिवशी जास्त चालतो आणि जास्त त्रास ओढवून घेतो.

शक्य असेल तर टप्प्याटप्प्याने वर जाणं हा सर्वांत सोपा उपाय आहे. भारतातून बोलिव्हियाला थेट विमान नाही. एक-दोन ठिकाणी विमान बदलून बरेच जण आधी सांताक्रूझ शहरात उतरतात. ते सुमारे ४०० मीटरवर आहे. तिथून लगेच ला पाझला न जाता दोन-तीन दिवस कोचाबांबा (सुमारे २,५६० मीटर) किंवा सुक्रे (सुमारे २,८०० मीटर) इथे काढले, तर शरीराला सवय व्हायला वेळ मिळतो. उंचीच्या त्रासासाठी औषध आहे, पण ते निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारूनच घ्यावं, विशेषतः सल्फा औषधांची ॲलर्जी असेल तर. हृदयाचा किंवा फुप्फुसांचा आजार, सिकलसेल किंवा गरोदरपण असेल, तर तिकीट काढण्याआधीच डॉक्टरांशी बोलायला हवं.

एकटं असण्याचा खरा धोका

एकट्याने प्रवास म्हटलं की घरच्यांच्या डोळ्यांसमोर चोर, पाकीटमार येतात. ला पाझमध्ये त्याहून मोठा प्रश्न वेगळा आहे. उंचीचा त्रास क्वचित गंभीर वळण घेतो. फुप्फुसांत पाणी साठलं, तर बसल्या जागी धाप लागते आणि खोकला थांबत नाही. मेंदूला सूज आली, तर चालताना तोल जातो, बोलण्यात गोंधळ होतो. अशा वेळी गोंधळलेल्या माणसाला आपण गोंधळलो आहोत हे कळत नाही. सोबत कुणी असेल, तर ते ओळखतं. एकट्याच्या बाबतीत ओळखणारं कुणी नसतं.

यावर उपाय आहे आणि तो फोनमध्येच आहे. ला पाझचं घड्याळ भारताच्या साडेनऊ तास मागे आहे. तिथे सकाळचे आठ वाजतात, तेव्हा डोंबिवलीत संध्याकाळचे साडेपाच असतात. तिथे रात्रीचे नऊ, तेव्हा इथे दुसऱ्या दिवशीचे सकाळचे साडेसहा. पहिले तीन दिवस या दोन ठरलेल्या वेळी घरी व्हिडिओ कॉल करायचा. नुसतं 'जेवलास का?' विचारून भागत नाही. घरच्यांनी तीन गोष्टी बघायच्या. डोकेदुखी कालपेक्षा कमी आहे की जास्त? बसून बोलतानाही धाप लागते आहे का? आणि टाचेला अंगठा लावत सरळ रेषेत दहा पावलं टाकता येतात का?

पावलं चुकली, बोलणं असंबद्ध वाटलं किंवा बसल्या जागी धाप लागली, तर 'सकाळपर्यंत बघू' म्हणायचं नाही. ताबडतोब डॉक्टर, ऑक्सिजन आणि कमी उंचीच्या ठिकाणी जाणं, हाच उपचार आहे. म्हणून हॉटेलचा फोन नंबर घरी आधीच देऊन ठेवावा. कॉल चुकला, तर घरच्यांना रिसेप्शनला फोन करून खोलीचं दार ठोठवायला सांगता येतं.

पहिला दिवस: वर नाही, खाली

पहिल्या दिवशी आराम, भरपूर पाणी आणि हलकं जेवण. दारू आणि झोपेच्या गोळ्या टाळाव्यात, कारण दोन्हींमुळे झोपेत श्वास मंदावतो. विमानतळावरून किंवा रात्री उशिरा जाताना रस्त्यावरची कुठलीही टॅक्सी न थांबवता हॉटेलकडून रेडिओ टॅक्सी मागवावी.

संध्याकाळी बरं वाटलं, तर केबल कारमधून शहर बघता येतं. 'मि तेलेफेरिको' नावाची ही सेवा २०१४ मध्ये सुरू झाली आणि आज शहरी केबल कारचं जगातलं सर्वांत लांब जाळं म्हणून ती ओळखली जाते. दहा मार्ग, प्रत्येकाला एक रंग आणि एका डब्यात दहा माणसं. पर्यटकांपेक्षा कामावर जाणारे लोकच यात जास्त असतात. आपल्याकडे जे काम लोकल करते, ते तिथे हे डबे करतात. लाल मार्गाचं खालचं टोक तर जुन्या रेल्वे स्टेशनच्या जागी आहे.

पहिल्या दिवशी लाल मार्गाने वर एल आल्टोला जाण्याचा मोह होतो. तो टाळावा, कारण काही मिनिटांत आणखी चारशे मीटर उंची वाढते. त्याऐवजी हिरवा मार्ग घ्यावा. तो शहराच्या दक्षिण भागाकडे, काहीशे मीटर खाली उतरतो. इथे शहराची रचनाही समजते. जसजसं खाली जावं तसतशी घरं ऐसपैस, बागा मोठ्या आणि हवा उबदार होत जाते. ला पाझमध्ये श्रीमंत खाली राहतात आणि थंडीवाऱ्यात, विरळ हवेत वर राहतात ते बहुतांशी कष्टकरी आयमारा कुटुंबांतले लोक. टॉवरच्या वरच्या मजल्याला जादा भाव मोजणाऱ्या ठाणेकराला हे उलटंच वाटेल.

दुसरा दिवस: चौक, बाजार आणि जेवण

डोकं हलकं झालं असेल, तर दुसऱ्या दिवशी सावकाश चालत प्लाझा मुरिय्यो हा मुख्य चौक गाठावा. तिथल्या संसद भवनावरच्या घड्याळाचे काटे २०१४ पासून उलटे फिरतात. दक्षिण गोलार्धात दुपारचा सूर्य वर्षाचा बराच काळ उत्तरेकडे असतो आणि सावली आपल्या उलट दिशेने सरकते. घड्याळाची 'सरळ' दिशा ही उत्तर गोलार्धातल्या सावलीवरून ठरलेली आहे, ती आपण का मानायची, असा हा सवाल आहे. वाटेत झेब्य्राच्या वेशातले तरुण वाहनांना थोपवून लोकांना रस्ता ओलांडायला मदत करताना दिसले, तर ती जाहिरात नव्हे. वाहतुकीची शिस्त लावण्यासाठी शहराने २००१ मध्ये सुरू केलेला तो उपक्रम आहे.

मिनीबसच्या दारातून थांब्यांची नावं ओरडणारा माणूस बघून कल्याण स्टेशनबाहेरचा रिक्षा स्टँड आठवेल. उतरायचं असेल, तर 'एस्किना, पोर फावोर' म्हणायचं, म्हणजे 'कोपऱ्यावर थांबवा'.

बाजारात भाजीवाल्या बाईला 'कासेरा' अशी हाक मारतात, आपण 'मावशी' म्हणतो तशी. खरेदी झाल्यावर 'यापा?' विचारलं, तर ती हसून मूठभर जास्त टाकते. भाजीवर फुकटची कोथिंबीर-मिरची मागणाऱ्याला हे शिकवावं लागणार नाही.

बाजारात बटाट्याचे ढीग लागतात. पिवळे, जांभळे, वेडेवाकडे आणि थंडीत गोठवून वाळवलेला 'चुन्यो'सुद्धा. हजारो वर्षांपूर्वी बटाट्याची शेती सुरू झाली ती इथून जवळच असलेल्या टिटिकाका सरोवराच्या परिसरात. शेंगदाणाही मूळचा दक्षिण अमेरिकेचाच. वडापावातला बटाटा आणि चटणीतले शेंगदाणे, दोघांचं माहेर याच खंडात आहे.

शाकाहारी माणसाने मात्र सावध राहावं. 'सिन कार्ने' म्हणजे मांसाशिवाय, पण सूपचं पाणी अनेकदा मांसाचंच असतं. ते वेगळं विचारावं लागतं. मक्याची आणि चीजची उमिंता आणि जांभळ्या मक्याचं गरम 'आपी' हे पोटभर होतं. घरून नेलेल्या झटपट पोह्यांच्या पाकिटांवर मात्र फार भिस्त ठेवू नये. इथे पाणी सुमारे ८८ अंशांनाच उकळतं, त्यामुळे ते नीट फुलत नाहीत.

तिसरा दिवस: आता वर

रात्रीची झोप बरी झाली आणि डोकेदुखी गेली असेल, तरच एल आल्टोला जावं. गुरुवार किंवा रविवार असेल तर उत्तम. त्या दिवशी लाल मार्गाच्या वरच्या टोकाला अवाढव्य आठवडी बाजार भरतो. जुन्या कपड्यांपासून गाडीच्या सुट्या भागांपर्यंत सगळं तिथे मिळतं. फोन आतल्या खिशात ठेवावा. ऊन थंड वाटलं, तरी या उंचीवर त्वचा लवकर भाजते. टोपी आणि सनस्क्रीन विसरू नये.

निघण्यापूर्वी आणि परतताना

ठाण्यात पावसाळा असतो, तेव्हा ला पाझमध्ये कोरडा हिवाळा असतो. जून ते ऑगस्टमध्ये आकाश स्वच्छ, पण रात्री कडाक्याची थंडी. डिसेंबर ते मार्च हे तिथले पावसाचे महिने. देशात रास्ता रोको वारंवार होतात, म्हणून परतीच्या विमानाआधी एक-दोन दिवस मोकळे ठेवावेत. यूपीआयवर विसंबू नये, सुट्या नोटा जवळ ठेवाव्यात. व्हिसाचे नियम बदलत असतात. बोलिव्हियाचे आणि वाटेत विमान बदलायच्या देशांचेही नियम तिकीट काढण्याआधी तपासावेत.

दोन गोष्टी मात्र परत येताना महागात पडतात. पहिली पिवळ्या तापाची लस. बोलिव्हिया हा भारताच्या यादीत पिवळ्या तापाचा धोका असलेला देश आहे. लस सरकारमान्य केंद्रातच मिळते, तिचं प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होतं आणि आयुष्यभर चालतं. ते नसेल, तर भारतात उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवलं जाऊ शकतं.

दुसरी गोष्ट कोकाची पानं. बोलिव्हियात कोकाचा चहा कायदेशीर आहे आणि जवळपास प्रत्येक हॉटेलात मिळतो. उंचीच्या त्रासावर तो देतात, पण त्याला औषधाची जागा देता येत नाही. भारतात मात्र १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार कोकाचं पान बाळगणं गुन्हा आहे. चहाची एक पुडीही बॅगेत राहून चालणार नाही. म्हणून ला पाझमधल्या शेवटच्या रात्री बॅगेचे सगळे कप्पे एकदा रिकामे करून बघावेत.