आडवाटेची गाणी – भाग ६ : आपटलेल्या रेकॉर्डचा दरबार

मागच्या भागात मँचेस्टरच्या ‘ट्विस्टेड व्हील’ला १९७१ साली टाळं लागलं, तिथे आपण थांबलो होतो. क्लब गेला, पण नाचणारी पोरं कुठे जाणार? काही दिवस ती स्टोकजवळच्या ‘गोल्डन टॉर्च’मध्ये जमली. १९७३ मध्ये तोही बंद पडला. त्याच वर्षी २३ सप्टेंबरला, शनिवार संपून रविवार लागल्यावर, विगन गावातल्या स्टेशन रोडवरच्या एका जुनाट नाचघराचं दार उघडलं. नाव ‘विगन कॅसिनो’. जुगाराशी त्याचा काही संबंध नव्हता, आणि रात्रभराच्या त्या कार्यक्रमात दारूही मिळत नसे.

विगन तेव्हा लँकेशायरचं. हे नाव आपल्याला गिरण्यांमुळे ठाऊक आहे. ज्या लँकेशायरच्या कापडाने आपल्या विणकरांच्या पोटावर पाय आणला, त्याच मुलखातलं हे कोळशाचं आणि सुताचं गाव. सत्तरच्या दशकात तिथल्या खाणी आणि गिरण्या एकेक करून मिटत चालल्या होत्या. आठवडाभर यंत्रापुढे राबायचं आणि शनिवारची रात्र तेवढी आपली, असा तिथल्या पोरांचा हिशेब.

आता ती नाचत कशावर होती ते पाहा. साठच्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेत मोटाउन कंपनीची सोल गाणी धो धो चालत होती. तसंच काहीतरी आपलंही चालेल या आशेने डेट्रॉइट, शिकागो, लॉस एंजेलिसमधल्या कितीतरी चिमुकल्या कंपन्यांनी रेकॉर्ड काढल्या. त्यातल्या बहुतेक आपटल्या. पुढे अमेरिकेतला काळा श्रोता फंककडे वळला आणि ते गठ्ठे गोदामांत धूळ खात पडले. उत्तर इंग्लंड मात्र वळलं नाही. त्याला तोच धावता ठेका हवा होता, आणि तोही न ऐकलेल्या गाण्यांत. या आवडीला ‘नॉर्दर्न सोल’ हे नाव दिलं लंडनच्या डेव्ह गॉडिनने. फुटबॉलची मॅच बघायला आलेली उत्तरेकडची पोरं त्याच्या रेकॉर्डच्या दुकानात डोकावत, तेव्हा त्यांना नवा माल दाखवण्यात वेळ घालवू नका, असं नोकरांना सांगायला त्याने केलेली ही खूण. साल १९६८.

गाणी न ऐकलेलीच हवीत, त्यामुळे कॅसिनोत डीजेची किंमत त्याच्या पेटीतल्या रेकॉर्डवर ठरे. रस विन्स्टनली, केव्ह रॉबर्ट्स, रिचर्ड सर्लिंग ही तिथली मोठी नावं. सर्लिंगला १९७३ मध्ये फिलाडेल्फियात ग्लोरिया जोन्सची एक पडेल रेकॉर्ड सापडली. ‘टेंटेड लव्ह’ हे गाणं तिच्या मागच्या बाजूला होतं. पुढे ‘सॉफ्ट सेल’ने तेच गाणं गायलं आणि १९८१ मध्ये ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं.

अशी रेकॉर्ड हाती लागली की डीजे लेबलवर कोरा कागद चिकटवून गायकाचं भलतंच नाव सांगे, म्हणजे दुसऱ्या क्लबवाल्याला माग लागू नये. आपल्याकडच्या खाँसाहेबांची गोष्ट आठवते. समोर कोणी जाणकार बसलेला दिसला की ते चिजेचे शब्द मुद्दाम अस्पष्ट म्हणत.

या लपवालपवीची कमाल म्हणजे फ्रँक विल्सन. १९६५ मध्ये त्याने मोटाउनसाठी ‘डू आय लव्ह यू’ गायलं. सुमारे अडीचशे नमुना प्रती निघाल्या, आणि मग बेत रद्द होऊन त्या नष्ट करण्यात आल्या. विल्सन गायकी सोडून निर्माता झाला आणि मोठा झाला. दहा-बारा वर्षांनी वाचलेली एक प्रत इंग्लंडच्या नाचघरांपर्यंत पोचली आणि विगनमध्ये ‘एडी फॉस्टर’ या खोट्या नावाने वाजू लागली. २००९ मध्ये तिच्या एका मूळ प्रतीला २५,७४२ पौंड मिळाले, २०२० मध्ये सुमारे एक लाख.

आत काय चाले? जोडीने नाच नाही, ज्याचा त्याने. गिरक्या, उंच लाथा, मागे पाठीवर पडून ठेक्यावर उसळून उठणं. पाय सहज सरकावेत म्हणून लाकडी जमिनीवर टाल्कम पावडर टाकत. घोळदार पायांच्या पँटी, आणि खांद्यावर बिल्ल्यांनी भरलेली बॅग, तिच्यात घाम पुसायला टॉवेल आणि बदलायला कोरडा शर्ट. सकाळी आठपर्यंत उभं राहायला बरेच जण अँफेटामिनच्या गोळ्या घेत. हे झाकून क्लबचं कौतुक करण्यात अर्थ नाही, पोलिसांचा डोळा उगाच नव्हता.

मला जास्त खटकतं ते दुसरंच. १९७५ मध्ये ‘विगन्स चोझन फ्यू’ आणि ‘विगन्स ओव्हेशन’ या नावांनी निघालेल्या रेकॉर्ड लोकप्रियांच्या यादीत चढल्या, आणि कॅसिनोतले नाचणारे टीव्हीवर झळकले. आडवाटेला पाटी लागली, बघे वाढले. जुने लोक करवादले. ब्लॅकपूलच्या ‘मेक्का’मध्ये तोवर इयन लेव्हीन आणि कॉलिन कर्टिस सत्तरच्या दशकातली नवी सोल वाजवू लागले होते, आणि खरी नॉर्दर्न सोल कोणती यावरून दोन तट पडले. मेक्काची बाजू मला पटते, पण त्या भांडणाला पुढचा अख्खा भाग लागेल.

मैफल भैरवीने संपते, तशी कॅसिनोची रात्र ठरलेल्या तीन गाण्यांनी संपे: जिमी रॅडक्लिफ, टोबी लेजंड आणि डीन पॅरिश यांच्या. त्यांना म्हणतच ‘थ्री बिफोर एट’, आठाच्या आधीची तीन. ती लागली की दिवे लागणार, हे सगळ्यांना कळे.

नगरपालिकेला आपली कचेरी वाढवायला ती जागा हवी होती. ६ डिसेंबर १९८१ ची सकाळ शेवटची ठरली. (कचेरी वाढलीच नाही. इमारत जळाली, पाडली गेली, आता तिथे मॉल आहे.) त्या सकाळी ती तीन गाणी वाजली. कोणी हलेना. पुन्हा वाजली, आणखी एकदा वाजली. नाचणारे रडत होते, पण दाराकडे जात नव्हते. शेवटी विन्स्टनलीने पेटीत हात घालून हाताला लागेल ती रेकॉर्ड काढली आणि लावली. ती फ्रँक विल्सनची निघाली.