कषायद्रव्ये, वृक्षजन्य

झाडांची साल, फळे, लाकूड व पाने यांत असणाऱ्या आणि कच्च्या कातड्याचे टिकाऊ चामड्यात रूपांतर करणाऱ्या तुरट पदार्थांना कषायद्रव्ये किंवा टॅनिने म्हणतात. कच्चे केळ खाताना किंवा फार उकळलेला चहा पिताना तोंड आवळल्यासारखे होते, ते याच पदार्थांमुळे. लाळेतील प्रथिनांशी त्यांचा संयोग होतो. कातडे कमावताना हीच क्रिया सावकाश घडवून आणतात. कषायद्रव्याचे रेणू कातड्यातील कोलॅजेन या प्रथिनाच्या तंतूंमध्ये शिरून त्यांना घट्ट धरून ठेवतात. त्यामुळे कातडे ओले राहिले तरी सहजासहजी कुजत नाही व वाळल्यावर शिंगासारखे ताठ होत नाही.

महाराष्ट्रात या कामी मुख्यतः बाभळीची साल व हिरड्याचे फळ वापरीत आले आहेत. ऐनाची साल व तरवड या झुडपाची साल यांचाही उपयोग होतो. बाभळीच्या सालीत सु. १२ ते २०% व हिरड्याच्या सुक्या फळात सु. ३०% कषायद्रव्य असते. दोन्ही सहसा एकत्र वापरतात. नुसत्या बाभळीने चामडे तांबूस व राठ होते, तर नुसत्या हिरड्याने ते भुसभुशीत होते. शिवाय हिरड्यातील शर्करा हौदात आंबून सौम्य अम्ल तयार होते. त्याने कातडे फुगते आणि त्यात कषाय लवकर मुरतो. हे प्रमाण जुने कारागीर द्रावणाच्या वासावरून व चवीवरून ठरवीत.

साल आणि फळ यांत झाडाच्या दृष्टीने मोठा फरक आहे. पानांत तयार झालेले अन्न मुळांकडे नेणारे परिकाष्ठ सालीतच असते. म्हणून खोडाभोवतीची साल पूर्ण वलयात काढली की झाड मरते. व्यवहारात बाभूळ लाकडासाठी तोडतात आणि साल हे दुय्यम उत्पन्न ठरते. एका झाडापासून ते एकदाच मिळते. हिरडा मात्र पिढ्यान्‌पिढ्या फळ देतो. वनोपजांच्या याद्यांत या दोहोंची नावे शेजारी शेजारी छापलेली असल्याने हा भेद लक्षात येत नाही.

मुंबई व देवनार : एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वांद्रे येथील कत्तलखान्याच्या आधाराने धारावीत कातडी कमावण्याचे कारखाने उभे राहिले. तमिळ प्रदेशातून आलेले मुसलमान व्यापारी व महाराष्ट्रातील ढोर समाजाचे कारागीर यांनी हा धंदा वाढविला. १९७१ मध्ये महानगरपालिकेचा कत्तलखाना देवनार येथे गेला. पुढे दुर्गंधी व सांडपाणी यांमुळे धारावीतील कारखानेही शहराबाहेर हलविण्यात आले किंवा बंद पडले. धारावीत राहिले ते मुख्यतः तयार चामड्याच्या वस्तू बनविण्याचे काम. कच्ची कातडी मीठ लावून परप्रांतांत कमावण्यासाठी जाऊ लागली. मार्च २०१५ पासून राज्यात बैल व वळू यांच्याही कत्तलीस बंदी असल्याने मोठी कातडी आता म्हशी व रेड्यांची मिळतात. हे कातडे जाड असते. साल व हिरडा यांनी कमावल्यास ते तळव्याला उत्तम.

तथापि जगातील बहुतेक चामडे आता क्रोमियमच्या लवणांनी कमावतात. ऑगस्टस शुल्ट्स यांनी १८८४ मध्ये अमेरिकेत या पद्धतीचे एकस्व मिळविले. झाडांच्या कषायाला जेथे कित्येक आठवडे लागतात, तेथे हे काम एका दिवसात उरकते आणि चामडे मऊ व उष्णता सोसणारे होते. किंमत मोजावी लागते ती सांडपाण्यात. झाडांचे कषाय पूर्ण निरुपद्रवी आहेत असेही नाही, कारण त्यांचे गडद सांडपाणी ओढ्यातील प्राणवायू शोषून घेते. परंतु धातूचा गाळ ते मागे ठेवीत नाही.

जुनी रीत टिकून आहे ती प्रामुख्याने कोल्हापुरी चपलेसाठी. कातड्याची पिशवी शिवून ती टांगतात आणि तीत साल व हिरडा यांचे द्रावण भरतात. द्रावण झिरपत खाली येते, ते पुन्हा वर ओततात. २०१९ मध्ये महाराष्ट्र व कर्नाटक यांतील प्रत्येकी चार जिल्ह्यांना या चपलेसाठी भौगोलिक मानांकन मिळाले.

हिरड्याचा बाजार : हिरडा (लॅ. टर्मिनॅलिया चेब्युला, कुल-काँब्रेटेसी) सह्याद्रीच्या जुन्नर, आंबेगाव, अकोले, महाबळेश्वर या भागांत मुबलक आहे. ब्रिटिश अमदानीत तो इंग्लंडला मोठ्या प्रमाणावर जाई व तेथील बाजारात जबलपूर, भिमली, वेंगुर्ला अशा गावांच्या नावांनी त्याच्या प्रती ओळखल्या जात. कातड्यासाठी पक्के, मोठे फळ लागते. क्रोमियममुळे ही मागणी घटली आणि औषधी मागणी वाढली. औषधासाठी कोवळा बाळहिरडा हवा असतो. जुन्नर व आंबेगावातील महादेव कोळी कुटुंबे पावसाळ्यापूर्वी झाडांवर चढून तो काढतात व वाळवून विकतात. वर्षाच्या रोख उत्पन्नाचा मोठा भाग यातून येतो. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात ही झाडे मोठ्या संख्येने मोडली. हिरडा हे शेतपीक नसल्यामुळे भरपाईचा प्रश्न कित्येक वर्षे रेंगाळला. दुसरी अडचण सावकाश वाढणारी आहे. सगळी फळे कोवळीच काढली तर बी पडत नाही आणि जुन्या झाडांखाली नवी रोपे उगवत नाहीत. दर झाडावर काही फांद्या पिकू देणे हा उपाय सोपा दिसतो. भाव पडलेल्या वर्षी तो पाळणे कुटुंबाला कठीण जाते.

इतर उपयोग : हिरडा व हिराकस यांपासून काळी शाई व रंग होतो, कलमकारीसाठी कापड आधी हिरड्यात भिजवितात. खैराचा गाभा उकळून काढलेला कात विड्यात घालतात. कातकरी या जमातीचे नाव याच व्यवसायावरून पडले. देवनारलगतच्या ठाणे खाडीत तिवरांचे दाट वन आहे. त्याच कांदळवन वर्गातील कांदळाची साल कषायद्रव्याने समृद्ध असली, तरी मुंबई उच्च न्यायालयाच्या २००५ मधील आदेशाने राज्यात कांदळवनाच्या तोडीस मनाई आहे. नायलॉन येण्यापूर्वी कोळी लोक सुताची व सणाची जाळी ऐनाच्या सालीच्या काढ्यात बुडवीत. खाऱ्या पाण्यात ती त्यामुळे अधिक दिवस टिकत.