विषाणूंसाठी तोतया

पेशीत शिरण्यापूर्वी विषाणूला तिच्या पृष्ठभागावरील विशिष्ट प्रथिनाला, म्हणजे ग्राहीला, चिकटावे लागते. हाच ग्राही पेशीपासून सुटा करून नाकात वा रक्तात सोडला, तर विषाणू त्या तोतयालाच बिलगेल आणि खरी पेशी वाचेल, अशी ही कल्पना आहे. तिच्यामागील तर्क भक्कम आहे. प्रतिपिंडांना चुकविण्यासाठी विषाणू रूप पालटतो; 2022 मध्ये ओमिक्रॉनने कित्येक महागडी प्रतिपिंड-औषधे अशीच निरुपयोगी ठरविली. तोतयाला टाळू पाहणाऱ्या विषाणूची खऱ्या ग्राहीवरील पकडही मात्र सुटण्याचा संभव असतो.

अनुभव तितका सुखद नाही. एड्सच्या विषाणूचा सीडी-4 हा ग्राही 1984 मध्ये ओळखला गेला आणि काही वर्षांतच अमेरिकेत त्याचा तोतया तयार झाला. प्रयोगशाळेत वाढविलेले विषाणू त्याने सहज अडविले. रुग्णांच्या शरीरातून नुकतेच काढलेले विषाणू रोखण्यास मात्र 200 ते 2700 पट मात्रा लागते, असे 1990 मध्ये आढळले. आधीचे विषाणू माणसाळलेले होते, एवढाच याचा अर्थ!

सर्दीच्या बाबतीत तर तोतया बऱ्यापैकी यशस्वी झाला. स्वयंसेवकांना मुद्दाम संसर्ग देऊन घेतलेल्या चाचण्यांत ‘ट्रेमाकामरा’ने लक्षणे सौम्य केली, हे 1999 मध्ये प्रसिद्ध झाले. तरीही ते औषध बाजारात आले नाही. आठवड्याभरात आपोआप बऱ्या होणाऱ्या दुखण्यासाठी असे महागडे प्रथिन दिवसातून अनेकदा नाकात ओढण्यास कोण किती मोजणार? ग्राही सापडला, तरी ग्राहक सापडणे कठीणच होते.

कोविडच्या काळात, 2020 मध्ये, अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या एरिक प्रोको यांनी एसीई-2 या ग्राहीतील दोन हजारांहून अधिक फेरफार तपासले आणि त्यांतील तीन एकत्र करून मूळ ग्राहीपेक्षा घट्ट पकडणारा तोतया रचला. सार्सचा जुना विषाणूही याच ग्राहीचा आश्रय घेतो. तिसराही उद्या तोच घेऊ शकेल. परंतु तो केव्हा येईल हे ठाऊक नसताना कोणती खाजगी कंपनी भांडवल अडकवून बसेल? आगीचा बंब आग लागण्यापूर्वी घ्यावा लागतो आणि तो नगरपालिकाच घेते. परिणामकारकतेची खरी परीक्षा साथीतच होणार, हे मान्य. पण एसीई-2 रक्तदाबाच्या नियमनातही भाग घेत असल्याने सुरक्षिततेची तपासणी निरोगी स्वयंसेवकांवर आधीच व्हायला हवी. ती आणि उत्पादनाची घडी बसविणे, ही दोन्ही कामे साथ नसताना सरकारी खर्चाने उरकता येण्याजोगी आहेत.